एका मिनिटाचा निरोप : लहान व्हिडिओ संदेश कसा करावा, कसा पाठवावा

व्हिडिओ संदेश म्हणजे एकाने आपल्या सवडीने बोलून ठेवलेला आणि दुसऱ्याने त्याच्या सवडीने पाहिलेला निरोप. व्हिडिओ कॉलला दोन्हीकडची माणसे एकाच वेळी मोकळी लागतात आणि दोन्हीकडे रेंजही लागते. संदेशाला यातली कुठलीच अट नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातल्या वाडीवरून आईने सकाळी बोललेले चाकणच्या कंपनीतला मुलगा पाळी सुटल्यावर दुपारी ऐकतो आणि मधल्या वेळात दोघांचेही काम अडत नाही.

धाराशिव जिल्ह्यात ही सोय जास्त कामाची ठरते, कारण इथली बरीच घरे वर्षातला मोठा काळ दोन गावांत विभागलेली असतात. कोणी पुण्या-मुंबईत नोकरीला असतो, कोणी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातो. बालाघाटाच्या रांगांत दरीतल्या वस्त्यांना रेंज असली तर असते, नसली तर नसते. टेकाडावर जाऊन पाठवलेला निरोप मात्र पोहोचतोच. लिहिणे-वाचणे जड जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बोलणे सोपे पडते. कर्णबधिर माणसांच्या बाबतीत तर सांकेतिक भाषेतले पत्र म्हणजे व्हिडिओ संदेशच. व्हॉइस मेसेज त्यांच्या उपयोगाचा नाही.

सोय फार नवी नाही. स्काईपने २०१३ मध्ये तीन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ संदेश पाठवण्याची व्यवस्था दिली होती. टेलिग्रामने २०१७ मध्ये गोल चौकटीतले एक मिनिटाचे संदेश आणले आणि जुलै २०२३ मध्ये व्हॉट्सॲपनेही तसेच साठ सेकंदांचे संदेश सुरू केले. कार्यालयीन कामासाठी लूमसारख्या सेवा आहेत. त्यांत संगणकाचा पडदा आणि बोलणाऱ्याचा चेहरा एकत्र नोंदवला जातो. शाळांसाठी फ्लिपग्रिड ही सेवा बरीच वर्षे चालली. शिक्षक प्रश्न विचारायचा आणि प्रत्येक मूल आपल्या छोट्या व्हिडिओतून उत्तर द्यायचे.

या सगळ्या सेवा दोनच तऱ्हांनी चालतात आणि ही गोष्ट समजली की कुठली सेवा कधी वापरावी याचा निम्मा निकाल लागतो. पहिल्या तऱ्हेत व्हिडिओची फाईलच समोरच्याच्या फोनमध्ये जाऊन बसते. व्हॉट्सॲपवर घडते ते हेच. एकदा उतरवून घेतल्यावर नेट नसतानाही ती कितीदाही पाहता येते, पण तिने त्याच्या फोनची जागा अडते. आणि ती परत मागवता येत नाही. ‘सर्वांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवसांपर्यंतच चालते आणि तोवर ती पुढे गेलेली असली तर त्याचाही उपयोग नाही. दुसऱ्या तऱ्हेत व्हिडिओ सेवेच्या सर्व्हरवर राहतो आणि समोरच्याला फक्त लिंक जाते. लूम, गूगल ड्राइव्ह, यूट्यूबवरचा ‘अनलिस्टेड’ व्हिडिओ ही या तऱ्हेची उदाहरणे. फोनची जागा वाचते, मालकाला वाटेल तेव्हा व्हिडिओ काढून टाकता येतो, मात्र दर वेळी पाहताना डेटा खर्च होतो आणि ती सेवाच बंद पडली तर लिंक कुचकामी होते.

म्हणून सेवा निवडताना पाठवणाऱ्याची हौस बाजूला ठेवून पाहणाऱ्याची सोय बघावी. ज्याच्यासाठी संदेश आहे त्याला नवे ॲप घ्यावे लागू नये, खाते उघडावे लागू नये, पासवर्ड आठवावा लागू नये. घरच्या माणसाला, गिऱ्हाइकाला, टोळीतल्या माणसाला व्हॉट्सॲपच बरे. चाळीस पालकांना तीच एक सूचना द्यायची असेल, किंवा संगणकावरचा फॉर्म कसा भरायचा हे पडद्यासकट दाखवायचे असेल, तर लिंक बरी. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला तोच अर्ज दिवसभरात अनेकांना समजावून सांगावा लागतो. त्याने पडद्याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ एकदा करून ठेवला तर पुष्कळ बोलणे वाचते. फुकट खात्यांना व्हिडिओची लांबी आणि संख्या यांची मर्यादा असते आणि ती अधूनमधून बदलते, त्यामुळे काम सुरू करण्याआधी ती पाहून घ्यावी.

बोलण्याआधी

चांगल्या संदेशात एकच गोष्ट असते. बियाण्याचे, लग्नाचे आणि लाइटबिलाचे एकाच व्हिडिओत सांगितले की ऐकणाऱ्याच्या लक्षात लग्न तेवढे राहते. तीन विषय असतील तर तीन व्हिडिओ करावेत. ते लहान होतात आणि नंतर हवा तो शोधायलाही सोपे जाते.

पहिल्या वाक्यात कामाचे यावे. “अण्णा, राम राम. शनिवारी बोअरवाला येणार आहे, त्याला द्यायला पाच हजार शुक्रवारपर्यंत पाठवा,” एवढे आधी सांगून मग बोअर किती फूट गेली, पाणी कुठे लागले हे सांगावे. उलट क्रमाने सांगितले तर पैशाचा विषय येईपर्यंत ऐकणाऱ्याने फोन खिशात टाकलेला असतो. आकडा, तारीख, खाते क्रमांक, पत्ता हे बोलून दाखवले तरी खाली लिहूनही पाठवावे. व्हिडिओतून आकडा उतरवून घेताना माणूस तोच तुकडा चार वेळा मागे-पुढे करतो आणि तरी एखादा अंक चुकतो.

एक मिनिट म्हणजे मराठीत सावकाश बोललेले सव्वाशे-दीडशे शब्द. घरगुती निरोपाला एवढे पुरते. पूर्ण मजकूर लिहून वाचू नये, वाचताना डोळे खाली जातात आणि आवाज सपाट होतो. हातावर दोन-तीन शब्द लिहून ठेवले तरी भागते. चुकले तर तिथेच दुरुस्त करून पुढे जावे. निरोपात अडखळणे कोणी मोजत नाही आणि पुन्हा पुन्हा घेतलेल्या व्हिडिओतला जिवंतपणा जातो तो जातोच.

चित्र आणि आवाज

चित्र थोडे वाईट चालते, आवाज वाईट चालत नाही. धाराशिवच्या पठारावर वाऱ्याला तोटा नाही. पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. हाच वारा फोनच्या माइकमध्ये शिरला की बोलण्याच्या जागी घरघर ऐकू येते. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ असतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे म्हणजे अंगाचा आडोसा होतो, आणि फोन आडवा धरला असेल तर ती खाच बोटाखाली दाबली जात नाही ना ते पाहावे. गोठा, भिंत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा आडोसाही चालतो. शेतातली मोटर, पिठाची गिरणी, मंदिराचा भोंगा बंद होण्याची वाट पाहणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. बोलणाऱ्याने फोनपासून हातभराच्या अंतरावर राहावे. दुसऱ्याने चार पावलांवरून घेतलेला व्हिडिओ दिसायला छान वाटतो, ऐकायला येत नाही.

उजेड तोंडावर असावा, पाठीमागे नको. दारात उभे राहून बाहेरच्या उन्हाकडे पाठ केली तर चेहरा काळा दिसतो. तोच माणूस उंबऱ्याच्या आत राहून बाहेरच्या बाजूला तोंड करून उभा राहिला तर चित्र स्वच्छ येते. भर दुपारी टोपीची किंवा पदराची सावली डोळ्यांवर पडते, त्यामुळे झाडाची सावली बरी. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवले की फोन त्या जागेप्रमाणे उजेड जुळवून घेतो. बऱ्याच फोनमध्ये बोट तसेच दाबून धरले की जुळवलेला उजेड तिथेच अडकून राहतो, मग मागून ढग आला-गेला तरी चित्र उजळत-काळवंडत नाही.

माणूस बोलत असेल तर फोन उभा धरावा, शेत, घर किंवा जनावर दाखवायचे असेल तर आडवा. व्हॉट्सॲपच्या गोल संदेशात कडा कापल्या जातात, म्हणून तो चेहऱ्यापुरताच ठीक. त्यातून कागद किंवा पीक दाखवू नये. कोपरे पोटाला टेकवून फोन धरला की हात कमी हलतो. फिरवून दाखवायचे असेल तर मान वळवण्यापेक्षा सावकाश फिरवावे, आणि सुरुवातीला व शेवटी दोन-तीन सेकंद स्थिर राहावे.

शेळी विकताना

या भागात लहान व्हिडिओचा रोकडा उपयोग शेळीच्या व्यवहारात होतो. उस्मानाबादी शेळी ही धाराशिव, लातूर, सोलापूर, बीड या पट्ट्यातली जात. अंगाने बहुतेक काळी, मांसासाठी नावाजलेली आणि जुळी करडे देण्याबद्दल प्रसिद्ध. पुण्या-मुंबईचे किंवा दूरच्या तालुक्यातले गिऱ्हाईक गाडीचे भाडे खर्च करण्याआधी जनावर फोनवर पाहू मागते. एका मिनिटाच्या चांगल्या व्हिडिओने त्याचा हेलपाटा वाचतो आणि विकणाऱ्याचा दिवसही.

पहिली अडचण रंगाची. काळी शेळी पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे उभी केली की फोन भिंतीच्या मानाने उजेड कमी करतो आणि शेळीचा नुसता काळा आकार उरतो. ना केसांची चमक दिसते, ना बरगडी. म्हणून मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीपुढे, सकाळच्या तिरप्या उन्हात उभी करावी आणि पडद्यावर शेळीच्या अंगावर बोट टेकवावे. फोन माणसाच्या उंचीवरून धरला तर जनावर बुटके दिसते, म्हणून उकिडवे बसून तिच्या पाठीच्या पातळीवरून घ्यावे.

मग क्रमाने जावे. आधी पूर्ण बाजू, डोक्यापासून शेपटीपर्यंत, पाच-सहा सेकंद. मग दुसऱ्या माणसाने कान न ओढता पुढून धरून दहा-बारा पावले चालवावे. लंगडणे, खुरांचा त्रास फक्त चालण्यातच कळतो आणि जाणते गिऱ्हाईक हेच आधी बघते. त्यानंतर ओठ वर करून पुढचे खालचे दात जवळून दाखवावेत. दुधाचे दात आहेत की दोन दाती, चार दाती झाली, हे तोंडाने सांगण्यापेक्षा दिसले की वाद राहत नाही. पहिली जोडी पालटते ती साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमाराला. व्यालेली असेल तर कास आणि दोन्ही सड मागून दाखवावेत, करडे सोबत घ्यावीत. बोकड असेल तर ताणकाट्यावर टांगून काट्याचा आकडा एकाच सलग चित्रात यावा. आकडा वेगळ्या तुकड्यात घेतला की शंका येते. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांकही दिसावा.

बोलताना वेत कितवे, गाभण असेल तर किती महिन्यांची, लस कधी दिली आणि किंमत किती एवढेच सांगावे. “एक नंबर माल आहे” हे सगळेच म्हणतात. खोड असेल तर तीही दाखवावी. फोनवर लपवलेली खोड गोठ्यात उघडी पडते आणि झालेला सौदा मोडतो.

असे व्हिडिओ गटांत टाकणाऱ्यांना एका फसवणुकीची माहिती हवी. समोरचा जनावर न पाहताच होकार देतो, ओळख म्हणून कसल्या तरी कार्डाचा फोटो पाठवतो आणि “ॲडव्हान्स घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका” म्हणतो. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. तसे घडलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी ते रोखता येण्याची शक्यता असते.

प्रत्येक मालाला मात्र व्हिडिओचा उपयोग नाही. भूम भागातला, भौगोलिक मानांकन मिळालेला कुंथलगिरीचा खवा कितीही छान चित्रित केला तरी त्याचा वास आणि बोटाला लागणारा कण फोनमधून जात नाही. तिथे भट्टी, स्वच्छता आणि बांधणी दाखवावी, मालाचा नमुना पाठवावा. पिकावरच्या रोगाचेही तसेच. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला आहे का हे विचारण्यासाठी तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा गावच्या कृषी सहायकाला हलता व्हिडिओ पाठवण्यापेक्षा पानाच्या दोन्ही बाजूंचे स्थिर फोटो जास्त सांगतात. हालचाल किंवा आवाज दाखवायचा नसेल तिथे फोटोच बरा. बंद पडणारी मोटर, धापा टाकणारे जनावर, गळणारा ठिबकचा नळ हे व्हिडिओचे विषय.

नुकसान दाखवताना

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा, भूम आणि जिल्ह्याच्या इतर भागांत सोयाबीन पाण्याखाली गेले, काही ठिकाणी तर माती खरवडून गेली. अशा वेळी काढलेला व्हिडिओ पुढे कामाचा ठरावा असे वाटत असेल तर तो बातमीसारखा नव्हे, नोंदीसारखा घ्यावा. सुरुवात न हलणाऱ्या खुणेपासून करावी: विहीर, बांधावरचे जुने झाड, विजेचा खांब, रस्त्याचा दगड. तिथेच गावाचे नाव, गट क्रमांक, तारीख आणि वेळ बोलावी. मग फोन न थांबवता सावकाश फिरवून चारही बाजू दाखवाव्यात. पाणी किती उभे आहे हे काठी रोवून किंवा गुडघ्याशी मोजून दाखवावे. शेवटी जवळून शेंगा: कोंब फुटलेल्या, कुजलेल्या, जशा असतील तशा. मागे गाणे नको, शिव्याही नकोत. मधे तोडजोड केलेला व्हिडिओ संशयास्पद ठरतो, म्हणून सलग दीड-दोन मिनिटे बरी.

तारीख-वेळ आणि अक्षांश-रेखांश चित्रावरच छापणारी कॅमेरा ॲप गावोगाव वापरात आहेत. घरकुलाच्या पायापासून रोहयोच्या कामापर्यंत सगळीकडे असे फोटो मागितले जातात. ती वापरावीत, पण रानात गेल्यावर लोकेशन चालू करून मिनिटभर थांबावे. नाहीतर मागच्या ठिकाणाचाच पत्ता छापला जातो आणि परंड्याच्या शेतावर बार्शीचे नाव येते.

व्हिडिओ पंचनाम्याची जागा घेत नाही. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी जागेवर येऊन केलेली नोंद हाच कागद. व्हिडिओ त्याला आधार. ई-पीक पाहणीसारख्या कामात तर फोटो त्या ॲपमधूनच, शेतात उभे राहून घ्यावा लागतो, आधी काढलेला व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ तिथे चालत नाही. आणि प्रकरण पुढे न्यायालयापर्यंत जाईल असे वाटत असेल तर मूळ फाईल ज्या फोनमध्ये काढली त्या फोनमध्येच तशीच ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य द्यावे लागते. फाईल दाबून लहान केली, कापली किंवा तिच्यावर अक्षरे टाकली की ते मूल्य बदलते. वकिलाला दाखवायला व्हॉट्सॲपवरची प्रत चालेल, मूळ म्हणून नाही.

शाळा आणि ऊसतोडीची घरे

शाळेच्या कामात लहान व्हिडिओचा सगळ्यात जवळचा दाखला शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातला आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकायला मिळे, धडा पाहायला मिळे. डिसले गुरुजींना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले आणि दहा लाख डॉलरच्या या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. याच काळात टाळेबंदीमुळे शिक्षक घराघरांतून धडे रेकॉर्ड करत होते. त्यांतला जो व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा आणि एकाच उदाहरणाचा होता, तो मुलांनी पाहिला. फळ्यासमोर चाळीस मिनिटे उभे राहून घेतलेला तास आईच्या फोनमध्ये न उघडताच पडून राहिला.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने मुलांकडून व्हिडिओ मागवताना वाचन, पाढे, कविता, प्रयोग असे विषय घ्यावेत. भाषेच्या तासाला मुलाचे वाचन महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी नोंदवले तर पालकांना प्रगती कानाने कळते. प्रगतीपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा ते जास्त पटते. मुलांचे व्हिडिओ वर्गाच्या गटात न मागवता शिक्षकाच्या क्रमांकावर मागवावेत. अडखळणाऱ्या मुलाचे वाचन चाळीस घरांत ऐकले जाणे बरोबर नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व आहे. म्हणून शाळेच्या नावाने मुलांचे व्हिडिओ बाहेर टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी, मुलाचे पूर्ण नाव आणि घराचा पत्ता त्यात येऊ देऊ नये.

ऊसतोडीला गेलेल्यांची मुले गावातल्या हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात तेव्हा निरोपाची गरज दोन्ही बाजूंना असते. फडात पहाटेपासून काम, रात्री उशिरा गाडी कारखान्यावर रिकामी होते. मूल जागे असते तेव्हा आई-बाप कामात असतात. इथे मोठा व्हिडिओ नको. “बाळा, आज आम्ही सांगलीकडच्या फडात आहोत, हे बघ आपली कोप. तू काय जेवलास ते मला सांग,” असे अर्ध्या मिनिटाचे बोलणे पुरते. शेवटी प्रश्न ठेवला की मुलाला उत्तर द्यावेसे वाटते. उत्तर म्हणून मुलाने वही उघडून आजचे अक्षर दाखवावे, शाळेत शिकवलेले म्हणून दाखवावे. रोज ठराविक वेळेला पाठवायचे ठरवले तर वसतिगृहातला एकच फोन सगळ्यांना पुरवता येतो. फोन बरेच दिवस बंद राहणार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: न पोहोचलेला संदेश व्हॉट्सॲप तीस दिवसच धरून ठेवते, त्यानंतर तो निघून जातो.

आकार, डेटा आणि पाठवणे

बहुतेक फोन १०८०पी दर्जाचे चित्रण सेकंदाला १५ ते २० मेगाबिट या वेगाने नोंदवतात, म्हणजे मिनिटाला साधारण ११० ते १५० एमबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये हे परवडत नाही. व्हॉट्सॲप पाठवताना फाईल दाबून बरीच लहान करते. निरोपासाठी तो साधा दर्जा पुरतो. जनावराचे दात किंवा पिकाची शेंग दाखवायची असेल तर वरच्या बाजूचे ‘एचडी’ निवडावे. मूळ फाईल जशीच्या तशी पोहोचवायची असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, २ जीबीपर्यंतची जाते. मात्र मूळ फाईलबरोबर कुठे आणि कधी काढली ही दडलेली माहितीही जाते. अनोळखी गिऱ्हाइकाला ती द्यायची गरज नसते.

रेंज कमी असेल तर फोनच्या कॅमेऱ्यातच दर्जा ७२०पीवर आणून ठेवावा. व्हिडिओ एका ठिकाणी नोंदवून दुसऱ्या ठिकाणाहून पाठवता येतो ही या प्रकाराची खरी सोय आहे: दरीतल्या शेतात बोलावे, येरमाळ्याच्या किंवा कळंबच्या बाजाराला जाताना रस्त्यावर रेंज आली की पाठवावे. तसा पाठवताना व्हिडिओत दिवस बोलला असला पाहिजे. ‘आज पाऊस पडला’ हे दोन दिवसांनी पोहोचले तर घोटाळा होतो.

कोण पाहणार

व्हॉट्सॲपवरचे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज मधे कोणी वाचू शकत नाही अशी त्याची रचना २०१६ पासून आहे. पण घेणाऱ्याने पुढे पाठवले तर ही रचना काही करत नाही. भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा गटांना पुढे पाठवण्याची मर्यादा २०१८ मध्ये आली, बरेचदा फिरलेला संदेश २०२० पासून एका वेळी एकालाच जातो. त्याने वेग कमी होतो, थांबत नाही. ‘एकदाच पाहा’ ही सोय आधार कार्ड किंवा दवाखान्याचा कागद दाखवायला बरी, पण दुसऱ्या फोनने पडद्याचा व्हिडिओ काढणाऱ्याला तीही अडवत नाही. लिंक पाठवताना ‘लिंक असलेला कोणीही’ आणि ‘ठरावीक माणसे’ यांतले काय निवडले आहे हे नक्की पाहावे. गटात टाकलेली पहिल्या प्रकारची लिंक म्हणजे चावडीवर लावलेला कागदच.

भांडण, अपघात, आजारी माणूस, आंघोळीला बसलेली माणसे, नदीकाठच्या बायका यांपैकी काहीही चित्रात येत असेल तर थांबावे. संमतीशिवाय कोणाच्या खासगी अवयवांचे चित्रण करणे किंवा ते पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, आणि पुढे पाठवणारा त्यातून सुटत नाही. ओळखीच्या माणसाचा पैसे मागणारा व्हिडिओ आला तर पैसे पाठवण्याआधी त्याच्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. चेहरा आणि आवाज आता बनवता येतात.

जपून ठेवणे

सेवा म्हणजे कपाट नव्हे. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य लोकांचे व्हिडिओ रातोरात त्यांच्या हातचे गेले. फ्लिपग्रिड मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विकत घेतले, पुढे त्याचे नाव फ्लिप केले आणि २०२४ मध्ये त्याचे स्वतंत्र ॲप व संकेतस्थळ बंद केले. स्काईप ५ मे २०२५ रोजी संपले. यांतली कुठलीही सेवा वाईट होती म्हणून गेली असे नाही. कंपन्यांचे हिशेब बदलतात. ठेवण्यासारखा व्हिडिओ असेल तर त्याची एक प्रत स्वतःजवळ हवी.

व्हॉट्सॲपच्या बॅकअपवर यासाठी विसंबू नये. त्यात व्हिडिओ घ्यायचे असतील तर ती सोय वेगळी चालू करावी लागते, आणि अँड्रॉइड फोनवर तो बॅकअप गूगल खात्याच्या १५ जीबी फुकट जागेतच मोजला जातो. तीच जागा ईमेल आणि फोटोंनाही लागते. त्यापेक्षा महिन्याकाठी अर्धा तास काढून कामाचे व्हिडिओ निवडावेत, ‘शेत सप्टेंबर २०२५ गट क्रमांक’ अशी नावे द्यावीत आणि पेनड्राइव्ह किंवा संगणकावर उतरवून घ्यावेत. पेनड्राइव्हही कधीतरी जातो, म्हणून नुकसानभरपाईचे, जमिनीचे, कोर्टाचे व्हिडिओ दोन ठिकाणी ठेवावेत. सुप्रभातचे, देवादिकांचे, कोणाचे तरी पुढे आलेले व्हिडिओ बेलाशक काढून टाकावेत. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधल्या स्टोरेजच्या यादीत मोठ्या आणि बरेचदा फिरलेल्या फाईली वेगळ्या दाखवलेल्या असतात, तिथूनच सुरुवात करावी. नवे व्हिडिओ आपोआप उतरवण्याची सोय बंद ठेवली तर फोन पुन्हा लवकर भरत नाही आणि दिवसाचा डेटाही संध्याकाळपर्यंत पुरतो.